नोंद आढळत नाही

(सांगलीत तरुणांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला इथं कविता वाचायला बोलावलंय. कविता खिशात आहे, ती खिशातच राहू द्या. आज एक कागद वाचून दाखवतो. एका सरकारी कचेरीचं पत्र आहे. मूळ हिंदीत आहे, मराठी करून सांगतो : 'आपल्या अर्जाच्या संदर्भात कळविण्यात येते की, उपलब्ध अभिलेखात सदर बाबीची नोंद आढळत नाही.' खाली सही आणि शिक्का. बास.

हा अर्ज माझ्या आज्जाचा. आज्जा १९७१ च्या लढाईत पश्चिम सीमेवर होता. डिसेंबरातल्या एका रात्री तोफांचा मारा सुरू झाला. मशीनगनवरचा पहिला गडी पडला. आज्जा दुसरा. त्याच्या उजव्या मांडीत गोळ्याची कपची घुसली. मांडी पट्ट्यानं आवळून तो पहाटेपर्यंत त्या गनवर बसून राहिला, आणि उजाडल्यावर पडलेल्या गड्याला ओढत मागं घेऊन आला. हे त्यानं मला सलग कधीच सांगितलेलं नाही. कधी दाढी करताना एक वाक्य, कधी भाकरी मोडताना एक. मीच ते जोडलंय.

सुभेदार इस्पितळात येऊन म्हणाला, 'तुझं नाव वर जातंय.' ज्या कॅप्टनानं डोळ्यानं पाहिलं होतं, तो दोन दिवसांनी मारला गेला. पलटण पुढं गेली, आज्जा मागं इस्पितळात. नाव कुठंच गेलं नाही.

हे नाव वर जातं म्हणजे काय, ते नीट समजून घ्या. शौर्यपदकाची शिफारस पलटणीच्या कमांडिंग अफसरानं लिहायची असते. कुणी पाहिलं, कुठं, किती वाजता, हे सगळं त्यात. मग ती ब्रिगेड, डिव्हिजन अशी पायऱ्या चढत दिल्लीला जाते. २६ जानेवारीला आणि १५ ऑगस्टला आपण ऐकतो ती नावं अशी वर गेलेली असतात. खाली कुणी लिहिलंच नाही तर वर कोण काय वाचणार? शिपाई स्वतःची शिफारस स्वतः लिहीत नाही. त्यानं रक्त सांडायचं, लिहायचं दुसऱ्यानं.

बरं, पदक गेलं तर गेलं. पण त्याच्या सुटकेच्या पुस्तकात, म्हणजे डिस्चार्ज बुकात, त्या जखमेपुढं काय लिहिलंय? 'पडल्यामुळे इजा.' मोकळ्या रानात पाय घसरून पडावा तशी. ह्या एका ओळीनं त्याला जखमी सैनिकाचं पराक्रम पदक नाही. ह्या एका ओळीनं युद्धात जखमी झालेल्याला वेगळं, जास्तीचं पेन्शन असतं ते नाही. आज्जाकडं दोन मेडलं आहेत, पश्चिमी स्टार आणि संग्राम मेडल. लढाईच्या त्या आघाडीवर जो जो होता त्याला ती मिळाली. म्हणजे सरकार कबूल करतं की हा माणूस लढाईत होता. मांडीत लोखंड घुसलं हे मात्र कबूल करत नाही. गेल्या साली सिव्हिलमध्ये एक्स-रे काढला. डॉक्टरीणबाईंनी फिल्म उजेडाला धरली आणि विचारलं, 'आजोबा, हे काय आहे आत?' आज्जा म्हणाला, 'पडलो हुतो.'

कचेरीचं, पलटणीचं नाव मी घेत नाही. हे एका कचेरीचं भांडण नाही. कुण्या कारकुनानं जात बघून ती ओळ लिहिली असंही मी म्हणणार नाही, माझ्याकडं पुरावा नाही. लढाईच्या धबडग्यात सगळ्यांच्याच नोंदी चुकतात, पाटलाच्या पोराचीही चुकली असेल. पण पाटलाच्या पोराचा मामा जिल्हा परिषदेत असतो, मेहुणा मुंबईत मंत्रालयात असतो. त्याची चूक चार फोनात दुरुस्त होते. आमची चूक पन्नास वर्षं तशीच पडून राहते आणि मग तोच इतिहास होतो. कुणाची दुरुस्त होते आणि कुणाची नाही, जात तिथं बसलेली असते.

मी गोदीत माल उचलतो. तिथं टॅली क्लार्क नावाचा माणूस पेन्सिल घेऊन उभा असतो. आम्ही नग उतरवतो, तो रेघा ओढतो. संध्याकाळी मुकादम आमच्या पाठीकडं बघत नाही, रेघांकडं बघतो. क्लार्क चहाला गेला आणि त्या वेळात तुम्ही वीस नग उतरवले, तर ते वीस नग उतरलेच नाहीत. पाठ दुखते ती तुमची. हे मला पहिल्याच हप्त्यात कळलं. आज्जाचं पुस्तक उघडून बघायची बुद्धी मला तिथंच झाली.

आता थोडं मागं जाऊ. आपल्या सातारा जिल्ह्यातही एक कोरेगाव आहे, पण मी सांगतोय ते पुण्याकडचं, भीमेकाठचं. १ जानेवारी १८१८ ची लढाई. तिथल्या दगडी खांबावर कामी आलेल्यांची नावं कोरली आहेत. ४९ मेले, त्यातली २२ नावं 'नाक' असं संपतात. म्हणजे आपली. कंपनी सरकारनं ती आपल्यावर प्रेम म्हणून कोरली नाहीत, स्वतःच्या विजयाचा डंका म्हणून कोरली. पण कोरली. गावात ज्यांची नावं पाटलाच्या चावडीत 'अरे' म्हणून संपत होती, त्यांची पुरी नावं दगडात गेली. बाबासाहेब १ जानेवारी १९२७ ला त्या खांबापाशी जाऊन उभे राहिले ते उगाच नव्हे.

त्याच सरकारला पुढं सत्तर-ऐंशी वर्षांत शहाणपण सुचलं. लढाऊ जाती आणि बिनलढाऊ जाती अशी वाटणी झाली. १८९० नंतर दोन-तीन वर्षांत महारांची भरती बंद. ज्यांच्या घरात तीन-तीन पिढ्या पलटणीत होत्या त्यांना सांगितलं, तुम्ही लढणारे नव्हेत. नुसती भाकरी गेली नाही. आधीची सगळी नोंदच खोटी ठरवली.

तेव्हा आपल्या माणसांनी काय केलं? कागद घेतला. गोपाळबाबा वलंगकर, पलटणीतले निवृत्त हवालदार, त्यांनी त्याच दशकात सरकारकडं अर्जाची उठाठेव केली. पुण्यात शिवराम जानबा कांबळे उभे राहिले. १९१० साली त्यांनी थेट विलायतेत भारतमंत्र्याकडं अर्ज धाडला. दोघांच्या म्हणण्याचं सार एकच : आम्ही लढलोय, तुमच्याच दप्तरात आहे, उघडून बघा. हा भिकेचा अर्ज नव्हता, दप्तरदुरुस्तीचा होता. १९१७ साली पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा सरकारला आमची आठवण झाली, १११ महार ही पलटण उभी केली, आणि १९२१ ला मोडूनही टाकली. पुन्हा दुसरं महायुद्ध आलं, बाबासाहेब संरक्षण सल्लागार समितीवर गेले, आणि १ ऑक्टोबर १९४१ ला बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली. त्या पलटणीच्या टोपीवरच्या बिल्ल्यावर भीमा कोरेगावचा खांब होता. पन्नास वर्षांचं भांडण दोन बोटांच्या बिल्ल्यावर बसवलं होतं.

आता तुमच्यातला एक मित्र मघाशी चहाच्या टपरीवर मला म्हणाला ते इथं सांगतो. तो म्हणाला, 'अरे, कसला बिल्ला चाटतोस? गरिबाच्या पोरानं गरिबाच्या पोराला मारायचं, आणि वर साहेबानं टोचलेला तुकडा छातीवर मिरवायचा? आपल्याला काय करायचंय पदकाशी?'

प्रश्न खरा आहे. मी तो टाळत नाही. उलट त्याच्या बाजूचा सगळ्यात मोठा पुरावा मीच देतो. आणि तो आपल्या साताऱ्यातलाच आहे.

रामजी सकपाळ सैन्यात सुभेदार, लष्करी शाळेत हेडमास्तर. पेन्शनीत निघाल्यावर पुढं साताऱ्यात येऊन राहिले. ७ नोव्हेंबर १९०० ला त्यांच्या भिवाचं नाव साताऱ्याच्या हायस्कुलात घातलं, त्या शाळेला आज प्रतापसिंह हायस्कूल म्हणतात. दुसऱ्या वर्षी, १९०१ ला, सुभेदार खटाव तालुक्यात दुष्काळी तलावाच्या कामावर खजिन्याचं काम बघत होते. पोरं त्यांना भेटायला निघाली. नवे कपडे, टोप्या. मसूर स्टेशनावर उतरली. बापाला पत्र पोचलं नव्हतं, न्यायला कुणी आलं नव्हतं. स्टेशनमास्तरनं विचारलं, कोण तुम्ही? पोरांनी सांगितलं, महार. मास्तर पाच पावलं मागं सरला. गाडीवान दुप्पट भाडं घ्यायला तयार, पण गाडी हाकायला तयार नाही. पोरांनी गाडी हाकली, तो बाजूनं चालला. रात्र पडली. डबा होता, पाणी नव्हतं. कुणी पाणी दिलं नाही. हे बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवलंय.

सुभेदाराची पोरं होती ती. बापाच्या नावापुढं हुद्दा होता, दप्तरात नोकरी होती, पेन्शन होतं. मसूरच्या स्टेशनावर त्यातलं एक घोट पाणी निघालं नाही. तेव्हा मित्रा, तुझं खरं आहे. पदकानं जात धुतली जात नाही. कुणी तुम्हाला सांगत असेल की सैन्यात जा, देशासाठी मरा, मग गाव तुम्हाला जवळ करेल, तर त्याला मसूरचं स्टेशन दाखवा.

पण एवढ्यावर थांबलास तर तू कारकुनाचं काम सोपं करतोस. ज्यानं 'पडल्यामुळे इजा' लिहिलं त्याला आपण म्हणायचं, राहू द्या साहेब, आम्हाला तसंही काही नको होतं? आज्जाला लढाई आवडत होती म्हणून मी भांडत नाही. त्याच्या मांडीत लोखंड आहे आणि सरकार म्हणतं नाही, म्हणून भांडतोय. महारवाड्यात विहीर होती तर ती सातबाऱ्यावर नाही, रान कसलं तर कुळात नाव नाही, पाठ मोडली तर मस्टरवर हजेरी नाही. ही त्याच यादीतली गोष्ट. आणि आमच्या गावच्या कमानीवर सैनिकांची नावं रंगवली आहेत, पदकवाल्यांची मोठ्या अक्षरात. १५ ऑगस्टला ते खुर्चीवर बसतात. आज्जा मागच्या बाकावर. त्याला त्याचं काही नाही. मला आहे.

हे फक्त आपल्याकडंच घडलं असंही समजू नका. पहिल्या महायुद्धात साताऱ्याच्या गावागावातनं पोरं मेसोपोटेमियात गेली. बसऱ्याच्या स्मारकावर अंमलदारांची नावं कोरली आणि हिंदी शिपायांचा नुसता आकडा. राष्ट्रकुलाच्या युद्धस्मारक आयोगानं २०२१ साली चौकशी अहवाल काढून कबूल केलं आणि माफी मागितली : हिंदुस्थान, आफ्रिका, इजिप्त इथल्या ४५ ते ५४ हजार मृतांची आठवण गोऱ्यांच्या बरोबरीनं ठेवली गेली नाही.

आणि ज्यांच्या पँथरचं नाव १९७२ साली मुंबईत आपल्या आधीच्या पिढीनं घेतलं, त्या अमेरिकेतल्या काळ्यांचं बघा. दुसऱ्या महायुद्धात दहा लाखांवर काळी माणसं सैन्यात होती. सगळ्यात मोठं पदक, मेडल ऑफ ऑनर, त्यातल्या एकालाही नाही. एकालाही! १९९३ साली तिथल्या सैन्यानंच एका विद्यापीठाला जुनी दप्तरं तपासायला लावली. वर्णभेद दिसला. १९९७ ला सात जणांना पदक दिलं. सातातला जिवंत एकच, व्हर्नन बेकर.

हेन्री जॉन्सन नावाचा एक शिपाई पहिल्या महायुद्धात फ्रान्सात लढला. रात्री जर्मन तुकडी चालून आली तेव्हा जखमा सोसून साथीदाराला वाचवलं. फ्रेंचांनी पदक दिलं. त्याच्या स्वतःच्या देशानं सुटकेच्या कागदावर जखमांचा उल्लेखसुद्धा केला नाही. माझ्या आज्जासारखंच. १९२९ ला तो मेला. १९९६ ला जखमीचं पदक, २०१५ ला मोठं पदक. २०२३ ला एका लष्करी तळाला त्याचं नाव दिलं, आणि २०२५ ला ते नाव काढून जुनं नाव परत लावलं. दुरुस्त केलेली नोंदही परत खोडली जाते. एकदा लिहिलं की झालं, असं समजून घरी जाऊन झोपू नका.

ह्याच सांगलीचा एक माणूस घ्या. मुरलीकांत पेटकर, पेठ गावचे. १९६५ च्या लढाईत गोळ्या लागल्या, कमरेखालचं अंग गेलं. १९७२ साली हायडलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पन्नास मीटर पोहण्यात जागतिक विक्रम करून सोनं आणलं. १९८२ साली अर्जुन पुरस्कारासाठी अर्ज केला, नाकारला. पद्मश्री २०१८ ला. २०२४ ला त्यांच्यावर सिनेमा आला आणि अर्जुन पुरस्कार आला २०२५ ला. सोनं जिंकून ५३ वर्षं झाल्यावर. जगाच्या देखत जिंकलेल्याचं हे, मग अंधारात गनवर बसलेल्याला कोण विचारतो?

आता कामाचं बोलतो. आपल्या दोन्ही जिल्ह्यात घराघरात १९६५ ची, १९७१ ची माणसं आहेत. ती आता ऐंशीच्या घरात गेली. दर साली चार जातात आणि साक्ष घेऊन जातात. म्हणून ह्या सुट्टीत गावी गेलात की एवढं करा.

ट्रंक उघडा. डिस्चार्ज बुकाच्या प्रत्येक पानाचा फोटो काढा, पेन्शनचा हुकूम काढा. मेडलाची कड वाचा. कडेवर नंबर, हुद्दा, नाव बारीक कोरलेलं असतं. ते नाव आणि आधारवरचं नाव ताडून बघा. आपल्यात आडनावं बदलली, बापाचं नाव कुणी धोंडी लिहिलं कुणी धोंडीराम, गावाच्या नावात वेलांटी चुकली. एवढ्यावर म्हाताऱ्या विधवांचं पेन्शन अडतं. प्रतिज्ञापत्र करून ते आधी सरळ करा.

मग म्हाताऱ्याजवळ बसा. 'शौर्य सांगा' असं विचारू नका, तो गप्प बसेल. कोणता महिना होता, कंपनी कोणती, साहेब कोण, शेजारी कोण झोपायचा, ते विचारा. फोनवर आवाज धरून ठेवा. शेजारी झोपणारा हाच साक्षीदार. जखम असेल तर एक्स-रे काढा. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय साताऱ्यात आहे, सांगलीतही आहे. त्यांच्यामार्फत अर्ज पलटणीच्या रेकॉर्ड कचेरीला. उत्तर आलं नाही तर २००५ च्या माहिती अधिकारात मागा. जखमेच्या वेळचा पार्ट टू ऑर्डर मागा, इस्पितळाचा कागद मागा. नाही म्हणाले तर 'नाही' लेखी घ्या. लेखी नाही हा सुद्धा कागद आहे. त्याच्यावर सशस्त्र सेना न्यायाधिकरणात जाता येतं. त्याचा कायदा २००७ चा, मुंबईत खंडपीठ आहे.

खोटी आशा देत नाही. शौर्यपदक हक्कानं मागून मिळत नाही. तेव्हा शिफारस लिहिलीच गेली नसेल तर आज ते बहुतेक मिळणार नाही. पण जखमेची ओळ दुरुस्त होऊ शकते, राहिलेलं सेवापदक मिळू शकतं, नाव सरळ होऊ शकतं. आज्जाच्या मागं आज्जीला काय मिळणार, ते त्या ओळीवर ठरतं.

मी स्वतः कुठवर आलोय ते सांगतो आणि खाली बसतो. आज्जा आधी चिडला. म्हणाला, 'कशाला उकरून काढतुयास? गप ऱ्हा की.' मग एके दिवशी स्वतःच म्हणाला, 'जतकडं एक हुता माज्या संगं.' एवढंच. गाव सापडायला दोन महिने गेले. आम्ही एसटीनं गेलो. दारात सूनबाई आली. 'कोण पाहिजे? आडनाव काय म्हणायचं?' आज्जानं आडनाव सांगितलं नाही. सावधान उभा राहिला आणि पलटणीतला आपला नंबर सांगितला, आकडा आकडा करून. आतनं खाटेवरनं आवाज आला, 'आत घे गं त्याला. माजा गनवाला हाय त्यो.'

गनवरनं पडलेला पहिला गडी तो. आज्जानं ओढत आणलेला. पाटलाच्या घरचा. दोघं बराच वेळ बोलले नाहीत. मग त्यानं सुनेला सांगून शर्ट मागवला, आमच्याबरोबर तालुक्याला आला आणि नोटरीपुढं सांगितलं : ह्याला कपची माझ्यासमोर लागली, हा पडला नव्हता. हात थरथरत होता, सही करायला त्याला पाच मिनिटं लागली.

त्या प्रतिज्ञापत्रासह दुसरा अर्ज गेलाय. उत्तर अजून नाही. परत 'नोंद आढळत नाही' आलं तर मुंबईला खंडपीठात जाणार, गोदीतली खाडे परवडतील तेवढी करून. तुमच्यातल्या कुणाच्या घरी अशी ट्रंक असेल तर बैठक संपल्यावर माझ्याजवळ या. नाव, गाव, नंबर ह्या वहीत लिहून घेतो. वही नवीच आहे, पहिल्या पानावर आज्जा आहे.

जयभीम.